घट

धोपाव्याहून फेरीने दाभोळला उतरलो तेव्हा
जेटीवर म्हाकुळांच्या करंड्या धुणं चालू होतं.
खिशात भिंग, चिमटा, आगपेटीएवढा वजनकाटा,
आणि रबर लावून पन्नास हजार.

खैरुन्निसा सारंग यांनी घड्याळ
तांदळाच्या डब्यातून काढलं.
दमट हवेला तांदूळ बरा, म्हणाल्या.
पट्ट्याच्या खाचेत एक कणी अडकून होती.
एडनला घेतलेलं, पहिल्या वर्षाच्या पगारातून,
आमचं माणूस तेव्हा टगवर होतं.

मी बोलत गेलो, धंद्याची भाषा:
डायल पुन्हा रंगवलेली, बाराचा आकडा जाड आलाय,
दोन हजार कमी.
काच प्लास्टिकची, चालेल.
पट्टा धरायचाच नाही.
आणि चावीचं बोंड पितळी, वरचा मुलामा उडालेला,
अशा घड्याळाला मूळचं सोन्याचं असतं.
तीन हजार कमी.
त्या ऐकत होत्या, कल्ले उघडून बघणाऱ्या गिऱ्हाइकाचं
मासेवाली ऐकते तसं.

दापोलीचा सोनार काय म्हणाला?
"वितळवून, घट धरून, बत्तीस.
आतलं मशीन परत देतो म्हणाला, पोरांना खेळायला."

मागच्या झाकणाला सुरी लावली. टक्.
०.७५०, शेजारी बाईच्या मुखड्याचा बारीक छाप.
सोनं खरं होतं.
छापाभोवती, भिंगाखाली, घड्याळजींचे ओरखडे.
गिऱ्हाइकाला ते दिसत नाहीत. आम्ही एकमेकांसाठी लिहितो,
सुईच्या टोकाने, झाकणाच्या आत:
अरबीत काहीतरी, पुढे ६१.
एस. के., ७०.
मग देवनागरीत, वाकडं, चि. ८८
आणि उलट्या शेपटीचा द.

उलट्या शेपटीचा द मी काढायचो.
सोळा वर्षांचा दिगंबर, चिपळुणात, खातूंच्या दुकानात, बिनपगारी.
बोंड मीच काढलं होतं. खातू जेवायला गेले होते.
तुरीच्या दाण्याएवढं.
सोनाराने काही विचारलं नाही,
वजनही मोठ्याने सांगितलं नाही.
त्याचे पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले.
गणपतीपर्यंतही टिकले नाहीत.

"काय लिवलंय आत?"
"दुरुस्तीची तारीख."
"चिपळुणातून आलं तवापासून घातलंच नाय त्यांनी.
चावी परकी लागते म्हणाले, अंगठ्याला.
मी म्हटलं, भास हाय तुमचा."

शेजारच्या घरात कोणीतरी मिक्सर लावला.
बराच वेळ चालला.
मी झाकण काट्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

कागदावरचे तीन हजार खोडले.
मग दोन हजारही खोडले, ते का, मला सांगता येणार नाही,
डायल तर मी रंगवली नव्हती.
बेचाळीस लिहिलं.
सेहेचाळीस लिहिलं.
"मगाशी उतरत होतं," त्या पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या,
"आता चढतंय कसं?"
"मशीन चांगलं निघालं."
हे खोटं नव्हतं. मशीन चांगलंच होतं.
त्यांनी नोटा दोनदा मोजल्या,
एक फाटकी बाजूला काढली, ती मी बदलून दिली.
तांदळाचा डबा उघडाच राहिला होता,
झाकताना आत एकदा हात फिरवून बघितला,
मग झाकण दाबलं.

परतीच्या फेरीत चावी दिली.
अठरा वळशांनंतर सेकंदाचा काटा हलला.
अंगठ्याला हिरवट डाग उरला,
पितळाचा, खाऱ्या हवेचा. शर्टाला पुसला,
गेला नाही.
दोर सोडणाऱ्या पोराने विचारलं, काका, किती वाजले?
घड्याळ माझ्या मनगटावर होतं, चालत होतं.
मी मोबाइल काढून
त्याला वेळ सांगितली.